गोल होता की नव्हता? चीटिंग, खिलाडूवृत्ती आणि चुकून दिलेले गोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी साडेसहाला नाशिकच्या गंगापूर रोडच्या टर्फवर मॅच, साडेआठला मिसळ आणि मिसळीबरोबर तेच ते भांडण, असा आमचा कित्येक वर्षांचा कार्यक्रम आहे. गुडघा गेल्यापासून माझं खेळणं बंद झालंय, म्हणून शिट्टी माझ्याकडे असते, त्यामुळे शिव्या पण माझ्याकडे येतात आणि प्रश्न पण. दर आठवड्याला तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. प्रश्न पोरांनी विचारले तसेच ठेवलेत.

दादा, बॉल लाइनवर होता, अर्धा आत होता, मग गोल का नाही दिला?

कारण अर्धा आत म्हणजे बाहेर. नियम असा आहे की बॉल पूर्णच्या पूर्ण गोललाइनच्या पलीकडे गेला पाहिजे, पोस्टच्या मधून आणि बारच्या खालून. पाऊण गेला तरी नाही. हवेत असला तरी तसंच. बॉलचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर म्हणजे आरपार साधारण २२ सेंटीमीटर, तेवढा सगळा पलीकडे पाहिजे.

हे मिसळीच्या टेबलावर दाखवता येतं. दोन फळ्यांच्या मधली फट म्हणजे गोललाइन समजा, त्यावर लिंबाची फोड नाही, अख्खं लिंबू ठेवा. आता तुमच्या खुर्चीवरून बघा, लिंबू फटीच्या पार पलीकडे गेलेलं दिसतं. समोरच्याला विचारा, तो म्हणेल अजून अलीकडेच आहे. आणि उभं राहून बरोबर वरून बघितलं तर लिंबाची कड फटीवर आहे. तिघंही खोटं बोलत नाहीयेत. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये जपानच्या मितोमाने स्पेनविरुद्ध एंडलाइनवरून बॉल मागे दिला आणि त्यावर गोल झाला, तेव्हा बाजूच्या फोटोत बॉल सरळसरळ बाहेर दिसत होता, वरच्या कॅमेऱ्यात मात्र त्याची कड अगदी एक-दोन मिलिमीटर लाइनवर होती. जपान जिंकलं, तिकडे जर्मनी आपली मॅच जिंकूनही घरी गेली. तर लाइनच्या बरोब्बर रेषेत उभं नसाल तर उगाच छातीठोकपणे सांगू नका. हे मी मलाही सांगतोय.

बरं, पण रेफ्रीलाच नंतर कळलं की आपलं चुकलं, तर गोल रद्द करता येत नाही का?

येतो, पण खेळ परत सुरू व्हायच्या आत. गोल दिला, सगळे नाचले, आणि सेंटरवरून किकऑफ व्हायच्या आत लाइन्समनने झेंडा हलवला किंवा खेळाडू स्वतः येऊन म्हणाला की सर हाताने मारलाय, तर रेफ्री निर्णय बदलू शकतो. एकदा किकऑफ झाला की संपलं. गोल झाला की नाही यावर रेफ्रीचा निर्णय शेवटचा, असं नियमांच्या पुस्तकातच लिहिलंय.

हे ऐकून पोरं चिडतात. पण विचार करा, हा नियम नसता तर प्रत्येक मॅच सोमवारी ऑफिसमध्ये, मंगळवारी कोर्टात आणि बुधवारी कुणाच्या तरी मामाच्या ओळखीवर ठरली असती.

म्हणजे मॅच परत खेळवली असं कधीच झालं नाहीये?

झालंय की. फरक असा धरायचा की रेफ्रीच्या डोळ्याची चूक वेगळी आणि नियमाची चूक वेगळी. डोळ्याने चुकलं तर तो निर्णय सहसा तसाच राहतो. नियमच चुकीचा लावला तर मॅच परत होऊ शकते.

२००५ मध्ये वर्ल्ड कपच्या क्वालिफायरमध्ये उझबेकिस्तान विरुद्ध बहारीन मॅच होती. उझबेकिस्तानने पेनल्टी मारली, गोल झाला, पण त्यांचाच एक जण आधीच बॉक्समध्ये घुसला होता. अशा वेळी पेनल्टी परत मारायला लावायची. जपानी रेफ्रीने बहारीनला इनडायरेक्ट फ्री किक देऊन टाकली. उझबेकिस्तान १-० ने जिंकलं, तरी तक्रार त्यांचीच (गोल गेला ना त्यांचा), आणि फिफाने मॅच परत खेळवली. परत खेळल्यावर १-१ झाली, दुसरी लेग ०-० आणि अवे गोलवर (बरोबरी झाली की समोरच्याच्या मैदानावर मारलेला गोल जास्त मोजायचे) बहारीन पुढे. जिंकलेली मॅच तक्रार करून घालवली, याला म्हणतात हातचं सोडून पळत्याच्या पाठी.

जर्मनीतल्या दोन केसेस मात्र शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. १९९४ मध्ये बायर्न म्युनिकच्या थॉमस हेल्मरने न्युर्नबर्गविरुद्ध बॉल चक्क पोस्टच्या बाहेरून मारला आणि लाइन्समनने गोल दिला. बायर्न २-१ जिंकलं, मग मॅच परत झाली, त्यात न्युर्नबर्ग ५-० ने हरलं आणि त्याच सीझनला लीगमधून खाली पण गेलं. न्याय मिळाला म्हणायचं की काय म्हणायचं तुम्हीच ठरवा. आणि २०१३ मध्ये हॉफेनहाइमच्या मैदानावर लेव्हरकुझेनच्या स्टेफान कीसलिंगने हेडर मारला, बॉल बाजूच्या जाळीला लागला, त्या जाळीला भोक होतं, त्यातून बॉल आत. कीसलिंग स्वतः डोक्याला हात लावून वळला होता, वाटलं गेला बाहेर. मागे बघतो तर बॉल जाळीत आणि सगळे मिठ्या मारतायत. मॅच २-१ ने लेव्हरकुझेनची झाली आणि यावेळी जर्मन फेडरेशनच्या कोर्टाने मॅच परत खेळवायला नकार दिला, रेफ्रीचा निर्णय शेवटचा म्हणून. देश तोच, भुताटकीचा गोल तसाच, निकाल मात्र उलटे.

तिसरा प्रकार म्हणजे रेफ्रीच लबाड निघाला तर. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिका-सेनेगल मॅचमध्ये बॉल गुडघ्याला लागलेला असताना घानाच्या रेफ्रीने हँडबॉलची पेनल्टी दिली. फिफाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली, वर्षभराने मॅच परत झाली, सेनेगल जिंकलं आणि रशियाच्या वर्ल्ड कपला गेलं.

भारत-कतार मॅचचं काय मग? तो गोल अजून झोंबतो.

मला पण. ११ जून २०२४, दोहा. छेत्री आठवड्याभरापूर्वीच रिटायर झालेला, गोली गुरप्रीत कॅप्टन, ३७ व्या मिनिटाला छांगतेने गोल मारला आणि आपण १-० वर. इकडे पाऊस नुकताच सुरू झाला होता, लाइट जायची भीती, मी एका मित्राच्या घरी इंदिरानगरला बसलो होतो आणि आम्ही गणित मांडत होतो की जिंकलो तर क्वालिफायरची तिसरी फेरी.

७३ वं मिनिट. कतारचा हेडर, गुरप्रीतने अडवला, बॉल त्याच्यापासून सुटून एंडलाइनच्या बाहेर गेला. बाहेर म्हणजे लिंबाच्या कडेची भानगड नाही, स्वच्छ बाहेर. गुरप्रीत पडलेलाच, आपले डिफेंडर थांबले की आता कॉर्नर. कतारच्या एकाने बॉल पायाने मागे ओढला, दुसऱ्याने गोलमध्ये ढकलला. दक्षिण कोरियाच्या रेफ्रीने गोल दिला. आपले सगळे त्याच्याभोवती, काही उपयोग नाही, त्या फेरीत व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफ्रीची चूक दाखवणारी सोय) नव्हतंच. ८५ व्या मिनिटाला दुसरा बसला, २-१, घरी. एआयएफएफने, म्हणजे आपल्या फुटबॉल फेडरेशनने, तक्रार केली, निकाल काही बदलला नाही, आणि वर सांगितलंय तसं तो बदलणं अवघडच होतं.

पण मला यात रेफ्रीचा राग कमी येतो. खरंच. त्याच्या आणि बॉलच्या मधे पायांचं जंगल होतं, आणि लाइन्समन पलीकडच्या कोपऱ्यात. मी टर्फवर वीस पावलांवरून चुकतो. पण ज्याने बॉल ओढून आत आणला त्याच्या बुटाखाली लाइन होती. मैदानावर सगळ्यात आधी ज्याला कळतं तो रेफ्री नसतोच, बॉलजवळचा खेळाडू असतो. रेफ्रीला दिसलं नाही यावर तासभर बोलतो आपण, ज्याला दिसलं त्याच्यावर कोणी बोलत नाही. माझं सगळं म्हणणं काय ते एवढंच आहे, पुढची सगळी उत्तरं याच चष्म्यातून वाचा.

आता उलटी बाजू पण बोलतो. मिसळ खाताना सगळे एका सुरात कतारला शिव्या देत होते, तेव्हा मी विचारलं, हाच गोल आपण त्यांच्यावर मारला असता तर छांगतेने जाऊन रेफ्रीला सांगावं असं तुमच्यातल्या किती जणांना वाटलं असतं? एकाने हात वर केला, तो पण पाव मागायला.

मॅराडोनाचा हाताचा गोल चीटिंग की जादू?

चीटिंग. जादू त्याच्या चार मिनिटांनंतरची. २२ जून १९८६, मेक्सिको सिटीचं अझ्टेका, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, अर्जेंटिना-इंग्लंड. ५१ व्या मिनिटाला इंग्लंडचा गोली शिल्टनच्या आधी डाव्या हाताने बॉल आत, आणि ५५ व्या मिनिटाला अर्ध्या इंग्लंडला गुंडाळून मारलेला तो दुसरा. अर्जेंटिना २-१. थोडं मॅराडोनाचं डोकं आणि थोडा देवाचा हात, असं तो नंतर म्हणाला, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं.

आमच्यात एक काका आहेत, ते म्हणतात फॉकलंडच्या युद्धानंतर इंग्रजांची जिरवली, बरोबर केलं. मी म्हणतो काका, जिरवायला दुसरा गोल पुरेसा होता की. ट्युनिशियाचे रेफ्री अली बेनासूर आणि बल्गेरियाचे लाइन्समन दोचेव, या दोघांच्या नावाला मात्र तो गोल कायमचा चिकटला. मॅराडोना २०१५ मध्ये ट्युनिशियात बेनासूरना भेटायला गेला, त्यांना जर्सी दिली. छान आहे, पण दोचेवकडे कोण गेलं?

आणि ऑन्रीचा?

१८ नोव्हेंबर २००९, पॅरिस, फ्रान्स-आयर्लंड प्लेऑफ, एक्स्ट्रा टाइम. ऑन्रीने बॉल हाताने दोनदा थोपवला आणि गालासकडे दिला, गोल, फ्रान्स वर्ल्ड कपला. ऑन्रीने मॅच संपल्यावर कबूल केलं, दोन दिवसांनी म्हणाला की मॅच परत खेळणं हेच सगळ्यात योग्य. वरातीमागून घोडं. फिफाने मॅच परत खेळवली नाही, पण २०१५ मध्ये बाहेर आलं की आयर्लंडच्या फेडरेशनला ५० लाख युरो दिले होते, कोर्टात जाऊ नये म्हणून. फ्रान्स वर्ल्ड कपला गेलं आणि पहिल्याच राउंडमध्ये एकही मॅच न जिंकता परत आलं.

सुआरेझने घानाविरुद्ध हाताने गोल अडवला, तो पण चीटरच ना?

यावर आमच्यात दोन पार्ट्या आहेत आणि मी अल्पमतात आहे. २ जुलै २०१०, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, जोहान्सबर्ग, १-१, एक्स्ट्रा टाइमचं शेवटचं मिनिट, उरुग्वेचा सुआरेझ गोललाइनवर उभा राहून व्हॉलीबॉल खेळल्यासारखा बॉल मारतो. रेड कार्ड, पेनल्टी. असामोआ ग्यानने बारवर मारली, मग शूटआउटमध्ये उरुग्वे ४-२. घाना जिंकलं असतं तर सेमीफायनलला जाणारी पहिली आफ्रिकन टीम झाली असती, त्यामुळे लोकांचं मन दुखणं साहजिक आहे.

पण त्याने लपवलं काय? सगळ्या जगासमोर हात लावला, पकडला गेला, नियमात होती ती पूर्ण शिक्षा भोगली. ग्यानने पेनल्टी घातली असती तर आज सुआरेझचं कोणी नाव काढलं नसतं. माझ्या हिशोबात फाउल आणि फसवणूक यात फरक आहे. फाउल करणारा म्हणतो घे शिक्षा दे, फसवणारा म्हणतो मी नाही त्यातली आणि कडी लावा आतली. मॅराडोना दुसऱ्यातला. सुआरेझ नंतर चावला-बिवला ते वेगळं प्रकरण आहे.

गोललाइन टेक्नॉलॉजी आधीच का नाही आणली?

बैल गेला आणि झोपा केला, अजून काय. १९६६ च्या फायनलपासून भांडण आहे, जेफ हर्स्टचा शॉट बारला लागून खाली पडला, सोव्हिएत युनियनचा लाइन्समन तोफिक बहरामोवने गोल सांगितला, इंग्लंड ४-२. (बहरामोव अझरबैजानचा, त्याच्या नावाने बाकूत स्टेडियम आहे. लाइन्समनच्या नावाने! आपल्याकडे रेफ्रीला चहा मिळत नाही.) २००५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला टॉटनहॅमच्या मेंडेसने अर्ध्या मैदानावरून उंच मारलेला बॉल गोलीने हातभर आतून बाहेर काढला, गोल दिला नाही. मग २७ जून २०१० ला वर्ल्ड कपमध्ये ब्लूमफाँटेनला इंग्लंडच्या लॅम्पार्डचा शॉट बारला लागून चांगला आत पडला, जर्मनीचा गोली नॉयरने उचलून पटकन पुढे मारला, रेफ्री-लाइन्समन दोघांनाही दिसला नाही. २-२ झाले असते ते राहिले २-१ आणि जर्मनी ४-१ जिंकली. त्यानंतर फिफाचा तेव्हाचा अध्यक्ष ब्लाटरने माफी मागितली आणि २०१२ मध्ये टेक्नॉलॉजीला परवानगी मिळाली. बॉल पूर्ण आत गेला की रेफ्रीच्या घड्याळावर सेकंदाच्या आत सिग्नल येतो.

तीही फसते बरं का. जून २०२० मध्ये ॲस्टन व्हिला विरुद्ध शेफिल्ड युनायटेड, लॉकडाऊननंतरची पहिलीच मॅच, व्हिलाच्या गोलीने बॉल कवटाळून स्वतःच आत नेला आणि घड्याळ गप्प. सातही कॅमेऱ्यांसमोर माणसं आणि पोस्ट आडवी आली होती असं हॉक-आयने (ही टेक्नॉलॉजी पुरवणारी कंपनी) सांगितलं आणि माफी मागितली. मॅच ०-० सुटली. सीझनच्या शेवटी व्हिला एका पॉइंटने वाचली आणि बोर्नमथ खाली गेली. बोर्नमथ त्या मॅचमध्ये खेळत पण नव्हती!

व्हीएआर आहे तरी चुका का होतात?

पहिलं म्हणजे व्हीएआर सगळं बघत नाही. गोल, पेनल्टी, डायरेक्ट रेड कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड, या मुख्य चार गोष्टी, आणि त्यातही चूक एकदम ढळढळीत असेल तरच. थ्रो-इन उलटा दिला म्हणून कोणी स्क्रीन बघायला जात नाही.

दुसरं म्हणजे स्क्रीनसमोर पण माणूसच बसलाय. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम-लिव्हरपूल. लुईस दियाझने गोल मारला, लाइन्समनने ऑफसाइड दिला. व्हीएआरवाल्याने रेषा काढल्या, ऑनसाइड होता, पण त्याच्या डोक्यात बसलं की मैदानावर गोल दिलेला आहे, म्हणून तो 'चेक कम्प्लीट' म्हणाला. मैदानावरच्या रेफ्रीला वाटलं ऑफसाइड कायम. फ्री किक घेऊन खेळ सुरू. काही सेकंदात त्या खोलीत सगळ्यांच्या लक्षात आलं, पण खेळ सुरू झालेला, आता नियमाने मागे जाता येत नाही. लिव्हरपूल २-१ हरलं. नंतर ते ऑडिओ पब्लिक केलं, ऐकून घ्या एकदा. कोणी लबाडी करत नाहीये, सगळे घाईत आहेत, आपल्या घरी गॅस बंद केला का म्हणून एकमेकांना विचारतो आणि दोघंही हो म्हणतो ना, तसं.

डाइव्ह मारण्याला एवढं काय? सगळेच मारतात.

नियमात यलो कार्ड आहे, फसवायचा प्रयत्न म्हणून. सगळेच मारतात हे खरं नाही, आणि खरं असलं तरी ते उत्तर नाही. मला डाइव्हपेक्षा जास्त राग येतो तो दुसऱ्याला कार्ड मिळावं म्हणून केलेल्या नाटकाचा. २००२ चा वर्ल्ड कप, ब्राझील-तुर्की. रिवाल्डो कॉर्नर मारायला उभा, तुर्कीच्या हकान उन्सालने रागाने बॉल लाथाडला, तो रिवाल्डोच्या मांडीला लागला आणि रिवाल्डो तोंड धरून खाली. उन्सालला दुसरं यलो, बाहेर. रिवाल्डोला नुसता दंड झाला आणि महिन्याने हातात वर्ल्ड कप. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

यापेक्षा मोठं नाटक कोणी केलंय?

चिलीचा गोली रोबेर्तो रोहास. ३ सप्टेंबर १९८९, माराकाना, ब्राझील १-० पुढे, हरले तर चिली वर्ल्ड कपच्या बाहेर. प्रेक्षकांतून पेटता फ्लेअर आला, जवळ पडला, रोहास रक्तबंबाळ. चिलीची टीम मैदान सोडून गेली. नंतर फोटो निघाले, फ्लेअर त्याला लागलाच नव्हता. ग्लोव्हमध्ये ब्लेड लपवून त्याने स्वतःलाच कापून घेतलं होतं. रोहासवर आजन्म बंदी (२००१ मध्ये उठवली), आणि चिलीला १९९४ च्या वर्ल्ड कपची पण दारं बंद. रडीचा डाव खडी, पण एवढा?

नियम न मोडता पण चीटिंग होतं का?

होतं की. २५ जून १९८२, वर्ल्ड कप, स्पेनमधलं हिहोन. पश्चिम जर्मनी एक-दोन गोलने जिंकली तर जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोघंही पुढे, अल्जीरिया बाहेर, आणि अल्जीरियाची मॅच आदल्या दिवशीच झालेली. १० व्या मिनिटाला जर्मनीने गोल केला आणि मग ऐंशी मिनिटं अळीमिळी गुपचिळी, बॉल इकडून तिकडे. अल्जीरियाचे लोक स्टँडमधून नोटा दाखवत होते. एकही नियम मोडला नाही. त्यानंतर ग्रुपच्या शेवटच्या दोन मॅच एकाच वेळी ठेवायला लागले.

उलट बार्बाडोस-ग्रेनाडाची १९९४ ची मॅच घ्या. बार्बाडोसला दोन गोलने जिंकायला हवं होतं, आणि आयोजकांनी नियम असा केला होता की एक्स्ट्रा टाइममधला गोल्डन गोल (तो झाला की मॅच तिथेच संपते) दोन धरायचा. २-० चे ८३ व्या मिनिटाला २-१ झाले. मग बार्बाडोसने काय केलं, मुद्दाम स्वतःच्याच गोलमध्ये बॉल मारला, २-२, म्हणजे एक्स्ट्रा टाइम. ग्रेनाडाच्या लक्षात आलं की आपण आता कुठल्याही गोलमध्ये मारला तरी पुढे जातो, त्यामुळे शेवटची मिनिटं बार्बाडोस दोन्हीकडचे गोल राखत उभे! गोल्डन गोल झाला, ४-२. हे चीटिंग नाही, उघड्यावर केलं, दोष नियम करणाऱ्याचा. मी असतो तर टाळ्या वाजवल्या असत्या.

छेत्रीची ती पटकन घेतलेली फ्री किक?

३ मार्च २०२३, बंगळुरू, आयएसएल प्लेऑफ, एक्स्ट्रा टाइम. केरळा ब्लास्टर्स भिंत लावतायत तेवढ्यात छेत्रीने बॉल आत टाकला. रेफ्रीने गोल दिला, कोच वुकोमानोविचने टीमच बाहेर नेली. फ्री किक पटकन घ्यायला नियमाने परवानगी आहे, शिट्टीची वाट बघा असं रेफ्रीने सांगितलं असेल तरच थांबायचं. ब्लास्टर्सना ४ कोटी दंड, कोचला १० मॅच बंदी. माझं मत, छेत्रीचा गोल कडू आहे पण खोटा नाही. आणि मैदान सोडून जाणं हे कधीच उत्तर नाही. सातपूरच्या पोरांनी मागच्या वर्षी हेच केलं आणि टर्फचं भाडं आम्हाला एकट्याला भरावं लागलं.

रेफ्री पैसे खातात का?

खाल्लेत. जर्मनीचा रॉबर्ट होयझर, २००४ च्या कप मॅचमध्ये हॅम्बुर्ग २-० पुढे असताना पाडरबॉर्नला पेनल्ट्या देऊन ४-२ ने जिंकवलं, बेटिंगवाल्यांकडून पैसे घेऊन. दोन वर्षं पाच महिन्यांची शिक्षा झाली. इटलीत २००६ मध्ये रेफ्रींच्या नेमणुकीत ढवळाढवळ केली म्हणून युव्हेंटसला खालच्या डिव्हिजनमध्ये टाकलं. पण म्हणून रविवारी मी ऑफसाइड दिला की 'किती घेतले' असं ओरडू नका. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला अर्धी मिसळ जास्त मिळत नाही.

प्रामाणिक कोणी असतं का मग? की सगळी भाषणं?

असतात, आणि हीच यादी मला पाठ आहे.

मिरोस्लाव क्लोझे, सप्टेंबर २०१२, लाझिओकडून नापोलीविरुद्ध. गोल दिला गेला, त्याने रेफ्रीला सांगितलं हाताला लागून गेलाय, गोल रद्द. लाझिओ ३-० हरली. वेर्डर ब्रेमेनचा आरोन हुंट, मार्च २०१४, पेनल्टी मिळाली, रेफ्रीला म्हणाला मला कोणी पाडलं नाही, पेनल्टी रद्द. वेस्ट हॅमचा पाओलो दी कानिओ, डिसेंबर २०००, एव्हर्टनचा गोली गुडघा धरून पडलेला, समोर गोल रिकामा, क्रॉस आला आणि याने बॉल हातात पकडला. हा तोच माणूस ज्याने दोन वर्षांपूर्वी रेफ्रीला ढकलून पाडलं होतं, माणसं अशी असतात. आणि माझा सगळ्यात आवडता डेन्मार्कचा मोर्टेन विगहोर्स्ट. २००३, हाँगकाँग, इराणविरुद्ध. प्रेक्षकांत कोणीतरी शिट्टी वाजवली, इराणच्या डिफेंडरला वाटलं हाफटाइम, त्याने बॉल हातात उचलला. पेनल्टी. विगहोर्स्ट कोचशी बोलला आणि मुद्दाम बाहेर मारली. डेन्मार्क १-० हरलं.

लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरची गंमत वेगळी. १९९७, आर्सेनलविरुद्ध, तो उठून रेफ्रीला हाताने नाही नाही करतोय की गोली सीमनने मला पाडलं नाही, रेफ्री ऐकेचना. मग त्याने पेनल्टी मारली, सीमनने अडवली आणि रीबाउंडवर मॅकअटीरने गोल केला. खरं बोलून पण पदरात गोल पडला.

कोच काही करू शकतो का?

लीड्सचा कोच बिएल्साने केलं. एप्रिल २०१९, लीड्स-ॲस्टन व्हिला, व्हिलाचा एक जण पडलेला, सगळ्यांना वाटलं लीड्स बॉल बाहेर काढणार, त्यांनी गोल मारला. राडा झाला. बिएल्साने आपल्या टीमला सांगितलं, त्यांना गोल करू द्या. व्हिलाचा ॲडोमा चालत गेला आणि गोल मारला (लीड्सचा एक डिफेंडर तरी आडवा आलाच होता), १-१. त्याआधी १९९९ मध्ये आर्सेनलचा कोच वेंगरने शेफिल्ड युनायटेडविरुद्धची कप मॅच जिंकूनही परत खेळायची तयारी दाखवली, कारण कोणी पडलंय म्हणून समोरच्यांनी बाहेर काढलेला बॉल परत द्यायचा असतो हे त्याच्या कानूच्या लक्षात आलं नव्हतं. परत खेळले, परत २-१.

दादा, तू स्वतः कधी केलंय का?

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतोच. केलंय.

देवळाली कॅम्पच्या बाजूची एक टूर्नामेंट, ऑगस्ट, घोट्यापर्यंत चिखल. ०-०, शेवटचा कॉर्नर. मी उडी मारली, डोकं पोचलं नाही, मनगट पोचलं. बॉल आत. त्यांचा गोली रेफ्रीकडे पळाला, स्वतःच्या मनगटावर थापट्या मारत, हात हात म्हणून. रेफ्रीने माझ्याकडे बघितलं. विचारलं नाही, नुसतं बघितलं. मी दोन्ही हात वर करून नाचत होतो, हात वर असले की कोणाला काय कळणार. रेफ्रीने सेंटरकडे बोट दाखवलं. स्टीलचा कप मिळाला, तो आईने बरेच दिवस पेन ठेवायला वापरला.

त्या गोलीचं आता नाशिक रोडला हार्डवेअरचं दुकान आहे. तिकडे गेलो की काउंटरमागून पहिलं वाक्य, 'हात दाखव आधी.' मग चहा सांगतो. मी तीन-चार वर्षांपूर्वी त्याला म्हणालो, यार सॉरी. तो म्हणाला, तेव्हा रेफ्री बघत होता तेव्हा म्हणायचं ना, आता काय करू तुझ्या सॉरीचं, नळाला गुंडाळू? आणि टेफ्लॉन टेपचे पैसे पूर्ण घेतले.

मग रविवारी काय नियम?

फार नाहीत. लाइनजवळचा गोल असेल तर आधी मी बॉलजवळच्या माणसाला विचारणार. तो जे सांगेल ते धरणार, मोबाइलचं शूटिंग बघणार नाही. कोणी खोटं बोललं तर तो त्याचा प्रश्न, मी भांडत बसणार नाही, पण पुढच्या रविवारी त्याला विचारणार पण नाही. हाताला लागून लगेच त्याच माणसाचा गोल झाला तर चुकून का असेना, गोल नाही. किकऑफनंतर कोणी कबूल केलं तर गोल राहतो. मिसळ त्याच्याकडून.

जाळीचं काय? परवा बॉल बाजूने आत आला.

हो, कीसलिंग झाला आपला. तपोवनच्या बाजूच्या गोलला, डावीकडे खाली, हाताचा पंजा जाईल एवढं भोक आहे. टर्फवाल्याला दोनदा सांगितलं, 'करतो' म्हणालाय. तोपर्यंत मॅचच्या आधी दोन्ही गोलींनी जाळी सगळीकडून ओढून बघायची. सुतळी माझ्या किटबॅगच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, कात्री नाहीये, दाताने तोडा.